सुरीच्या आधी

गोव्यात जनावरांविषयी बोलणं निघालं की दोन वाक्यांत ते ताटावर येतं. कोण काय खातो, कोण काय खात नाही, कुणाचा धर्म कुणाला काय चालवून घेतो. वाद तिथेच रंगतो आणि तिथेच संपतो. जनावर मारावं की नाही यावर प्रत्येकाकडे मत असतं. मारण्याच्या आधीचे महिने, दिवस आणि तास ते कसं काढतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. आपल्या इथे शेजारी नांदणाऱ्या धर्मांनी मात्र याच आधीच्या काळाबद्दल स्पष्ट सांगून ठेवलं आहे. मांसाहाराबद्दल त्यांचं एकमत नाही, जनावराच्या हालांबद्दल बरंचसं आहे. म्हणून हे थोडं तपशिलात लिहितो.

आधी कायदा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 28 म्हणतं की एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने जनावर मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. हे कलम दोन्ही बाजू अर्धवट वाचतात. सूट आहे ती मारण्याच्या धार्मिक रीतीला. ट्रकात कोंबून आणणं, उपाशी-तहानलेलं बांधून ठेवणं, पाय बांधून स्कूटरवर उलटं लटकवणं, यातलं काहीही कुठल्याही धर्माला आवश्यक नाही, म्हणून त्याला सूटही नाही. गुरांच्या वाहतुकीचे नियम 1978 पासून आहेत: एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा, वाटेत चारापाणी हवं. कायद्याची खरी लाज दंडात आहे. क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. हा आकडा कित्येक दशकांत बदललेला नाही.

आता बकरी ईद घेऊ, कारण दरवर्षी सर्वात जास्त आवाज तिच्यावरून होतो आणि सर्वात कमी माहिती तिच्याबद्दलच असते. कुर्बानीला बकरा एक वर्षाचा झालेला लागतो, गुरं असतील तर दोन वर्षांची. एका डोळ्याने आंधळा, उघड लंगडणारा, आजारी किंवा हाडं निघालेला बकरा चालत नाही. म्हणजे गाडीत दाटीवाटीने आणताना ज्याचा पाय मोडला, तो बाजारात कुर्बानीसाठी घेण्याजोगा राहत नाही. वाहतुकीचा निष्काळजीपणा इथे थेट धर्माच्या आड येतो, आणि हे बकरे आणणाऱ्या व्यापाऱ्याला समजावून सांगणं पोलिसांपेक्षा मशिदीतल्या इमामांना सोपं जातं. सहीह मुस्लिम या प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहातली हदीस तर अगदी कामाची सूचना वाटावी अशी आहे: जबह (गळा कापून मारणं) करायचंच तर चांगल्या रीतीने करा, पात्याला धार लावून घ्या आणि जनावराचे हाल टाळा. सुरीला धार त्याच्या डोळ्यांदेखत लावू नये आणि एका जनावरासमोर दुसरं कापू नये, हीही त्याच परंपरेतली शिकवण. आपल्या देशातल्या 2001 च्या कत्तलखाना नियमांतही एका जनावराच्या नजरेसमोर दुसरं कापायला मनाई आहे. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतलं पिलू आणि तीन महिन्यांच्या आतलं पिलू असलेली आई, ही तिन्ही कापता येत नाहीत. पशुवैद्याने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही त्यात आहे, कारण त्याहून वेगाने तपासलं तर ती तपासणी नुसती सहीपुरती उरते.

धारेचा मुद्दा भावनेचा वाटतो, पण तो शरीरशास्त्राचा आहे. बोथट किंवा खाच पडलेल्या पात्याने रक्तवाहिनी कापली जात नाही, ओढली जाते. तिचं टोक आकसतं, रक्त साकळतं आणि जनावर शुद्धीवर राहतं. पात्याची लांबी मानेच्या रुंदीच्या निदान दुप्पट हवी, म्हणजे टोक जखमेत रुतत नाही आणि करवतीसारखं पुढेमागे करावं लागत नाही. धार तपासायला वहीचं पान कोपऱ्यात चिमटीने लोंबतं धरावं आणि वरच्या कडेवरून सुरी ओढावी. पान चुरगळलं तर सुरी परत सहाणेवर. खाच नखाच्या कडेवरून पातं अलगद फिरवलं की कळते. काप एका दमात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या आणि शिरा एकाच वेळी तुटतील असा.

नीट काप दिला तर शेळी-मेंढीची शुद्ध साधारण 2 ते 20 सेकंदांत जाते. गुरांमध्ये मात्र मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या धमन्यांची आणखी एक जोडी मेंदूला रक्त पुरवत राहते आणि गळ्याच्या कापाने ती तुटत नाही; शिवाय कापलेल्या धमनीच्या टोकाशी फुगवटा येऊन रक्तस्राव मंदावतो. त्यामुळे कधी कधी दोन मिनिटांपर्यंतही शुद्ध टिकते. गुरांना आधी बेशुद्ध करावं की नाही या वादाचं मूळ हेच आहे. डोक्याला विजेचा झटका देऊन थोडा वेळ बेशुद्ध करण्याची पद्धत जगातल्या काही मुस्लिम धर्मसंस्थांनी मान्य केली आहे, काहींनी नाही. जिथे ती नसेल तिथे निदान एवढं पाळता येतं: बुबुळाला हलकेच बोट लावल्यावर पापणी हलत असेल, लयीत श्वास चालू असेल, तोवर मान मोडायची नाही, खूर कापायचे नाहीत, कातडीला हात लावायचा नाही. इस्लामी धर्मशास्त्रातही जीव जाण्याआधी सोलणं निषिद्ध मानलं आहे. ईदच्या सकाळी घाई असते, कसाई एका घरातून दुसऱ्या घरी पळत असतो, आणि नियम मोडतो तो इथे.

जनावराचे हाल मांसातही उतरतात. घाबरलेल्या, रात्रभर उभ्याने प्रवास केलेल्या जनावराच्या स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपून गेलेलं असतं. मेल्यावर त्याच ग्लायकोजेनचं आम्ल होऊन मांसाचा पीएच 5.5 ते 5.8 पर्यंत उतरायला हवा. ते नसेल तर पीएच 6 च्या वर राहतो, मांस गडद आणि चिकट होतं आणि लवकर नासतं. म्हणून आणल्यावर विसावा द्यायचा, शेवटचे बारा तास चारा बंद ठेवायचा, पाणी मात्र अखेरपर्यंत समोर ठेवायचं. भूतदयेसाठी नसेल करायचं तर मांसासाठी तरी करा, असं मी कुणाही विक्रेत्याला सांगेन.

हिंदू परंपरेत या विषयाचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण तिच्यात यज्ञातला पशूही आहे आणि अहिंसाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आठ जणांना घातक म्हटलं आहे: संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. त्याच अध्यायात यज्ञासाठीच्या पशुवधाला मान्यताही आहे. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की जबाबदारी एकट्या कसायावर टाकून बाकीच्यांना मोकळं होता येत नाही. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध तर मांस विकून पोट भरतो आणि ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगराखालीही कितीतरी जीव मरतात, याची आठवण तो करून देतो. शाकाहारी माणसाने हे वाचून आपल्या तांदळाकडेही एकदा पाहावं. आणि नुस्तं (मासळी) खाणाऱ्या सारस्वतांवर टीका करणाऱ्यांनी शल्यपर्वातली कथा वाचावी: बारा वर्षांच्या दुष्काळात सरस्वती नदी आपल्या मुलाला, सारस्वताला, मासे पुरवून जगवते आणि तो वेद जपून ठेवतो.

बळीची जागा दुसऱ्या वस्तूने घेणं ही या परंपरेतली सर्वात मोलाची युक्ती आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू वापरावा असं प्रतिपादन केलं. काणकोणातला पर्तगाळी मठ याच माध्व परंपरेतला. गावोगावच्या देवळांत कोहळा फोडतात, नारळ वाढवतात, त्यामागेही हाच विचार. गोव्यातला याचा सर्वात सुंदर नमुना माझ्या मते फोंडा तालुक्यात, जुवारी-कुंभारजुवेच्या काठी दिसतो. बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला खाजन शेतीचे (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचे) लोक बांधावर चिखलाची मगर घडवतात, तिला मानगे थापणी म्हणतात. अंगावर आणि डोळ्यांना शिंपले, दातांना काड्या. मगरीने बांध राखावा, माणसाला इजा करू नये, म्हणून तिची पूजा. पूर्वी तिच्या पोटात पोकळी करून त्यात कोंबडीचं जिवंत पिलू ठेवत. आता अंडं ठेवतात. कुणी कायदा केला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. ज्यांचा देव, त्यांनीच त्याचा नैवेद्य बदलला आणि पूजा तशीच चालू राहिली. प्रथा बदलली की श्रद्धा बुडते असं म्हणणाऱ्यांनी तो बांध पाहून यावा.

कॅथलिक चर्चची भूमिका आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते, ख्रिस्ती घरांतही. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात 2416 ते 2418 हे तीन परिच्छेद जनावरांवर आहेत. ती देवाची निर्मिती आहेत; अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करायला हरकत नाही; पण विनाकारण त्यांना यातना देणं किंवा मारणं हे माणसाच्या प्रतिष्ठेला विरोधी आहे. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरच्या आपल्या परिपत्रकात हेच वाक्य पुन्हा उद्धृत केलं. आणि म्हणूनच धिरयोचा प्रश्न मला फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) आवारात विचारावासा वाटतो.

धिरयो म्हणजे दोन पाड्यांची (बैलांची) किंवा दोन रेड्यांची झुंज. सासष्टी आणि बारदेशात, पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात आणि फेस्ताच्या निमित्ताने ती रंगायची. प्रेक्षकांत हिंदूही असत, ख्रिस्तीही. पोर्तुगीज वृषभयुद्धात माणूस बैलाशी लढतो. इथे जनावर जनावराशी, आणि जो पाठ फिरवून पळेल तो हरला. पाळणारे पाड्याला जीव लावतात, त्याला खाऊपिऊ घालतात, हे खरं आहे आणि ते नाकारून चर्चा पुढे जात नाही. 1996 मध्ये एका झुंजीत बघ्याचा बळी गेल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आलं आणि झुंजींवर बंदी आली. तरी चोरून झुंजी होतात, पैजा लागतात, आणि विधानसभेत अधूनमधून त्या कायदेशीर करण्याची मागणी उठते.

मागणी करणारे जल्लिकट्टूकडे बोट दाखवतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, मग तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाने आपापले दुरुस्ती कायदे केले, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ते वैध ठरवले. पण ते कायदे बैलाला आवरण्याच्या किंवा पळवण्याच्या खेळांचे होते. जनावराला जनावराशी झुंजायला लावणं हा 1960 च्या कायद्यात वेगळा, नाव घेऊन सांगितलेला गुन्हा आहे. शर्यतीत इजा होऊ नये म्हणून नियम करता येतात. झुंजीत इजा होईपर्यंत किंवा एकजण भिऊन पळेपर्यंत खेळच संपत नाही. तिथे नियम कशाला लावणार?

इजा म्हणजे नेमकं काय, हे शिंगापासून बघा. मोठ्या बैलाचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी थेट कपाळातल्या हवेच्या पोकळीला जोडलेली असते. मुळाशी शिंग मोडलं की जखम उघडी पडते ती डोक्याच्या आत. रक्त नाकातून येतं. दोन-तीन दिवसांत माश्या अंडी घालतात, किडे पडतात, पू होतो, आणि जनावर डोकं एका बाजूला कलतं धरून उभं राहतं. पोटात शिंग घुसलं तर वरून दिसणारं भोक लहान असतं आणि आतडं आत फाटलेलं असतं. चार दिवसांनी ताप चढतो तेव्हा उशीर झालेला असतो. झुंजच बेकायदा असल्यामुळे मालक डॉक्टरला बोलावायला कचरतो, त्यात जनावराचं दुहेरी नुकसान होतं. ज्यांना पाडे पाळण्याची हौस आहे त्यांच्यासाठी वजन, चाल आणि देखणेपणाची प्रदर्शनं भरवता येतील. गोव्याची स्वतःची नोंदणीकृत गावठी जात आहे, श्वेत कपिला. तिचे जातिवंत वळू कुणी पाळावेत, यासाठी फेस्तात बक्षीस ठेवलं तर पाडोही वाचेल आणि जातही.

गाईबद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं, पण तिच्याच वाट्याला आज सर्वात मोठी विसंगती आली आहे. गोव्यात गोहत्याबंदीचा कायदा 1978 पासून आहे. बैल, रेडे आणि म्हशींसाठी 1995 चा वेगळा कायदा आहे. त्यांना नांगर, पैदास किंवा दुधासाठी निरुपयोगी झाल्याचा दाखला लागतो. मारण्यापासून गाय वाचली. मग ती गेली कुठे? राष्ट्रीय महामार्ग 66 वर रात्री बघा. डांबर दिवसभर तापलेलं असतं, पावसाळ्यात शेत ओलं आणि रस्ता कोरडा असतो, गाड्यांच्या वाऱ्याने माश्या बसत नाहीत, म्हणून गुरं रस्त्यावर येऊन बसतात. यातली पुष्कळशी बेवारस नसतात. सकाळी दूध काढून मालक त्यांना सोडून देतो आणि संध्याकाळी वाट बघतो. नर वासरू तर कुणालाच नको असतं, कारण शेतात पॉवर टिलर आला. दिवाळीच्या पाडव्याला, गोरवांच्या पाडव्याला, त्याच गुरांच्या गळ्यात माळा घालतो, गोडधोड भरवतो, ओवाळतो. दुसऱ्या दिवशी ती कचराकुंडीपाशी उभी असतात.

गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून घेते आणि फारसं न चावता गिळते. चावायचं काम नंतर रवंथ करताना. त्यामुळे गाठ मारलेल्या पिशवीत उरलेला भात असेल तर ती भात पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पोटाच्या पहिल्या, सर्वात मोठ्या कप्प्यात साठतं. पुढे सरकत नाही, विरघळत नाही. दोऱ्या, पिशव्या यांचा एकच कडक गोळा होत जातो. खुणा ओळखता येतात: रवंथ कमी, डावी कूस वारंवार फुगते, शेण थोडं आणि घट्ट, दूध घटतं, गाय भुकेली दिसते पण दोन घास खाऊन थांबते. मग औषधाचा उपयोग नसतो. डाव्या कुशीत भूल देऊन, गाय उभी असतानाच, कप्पा उघडून हाताने ते सगळं बाहेर काढावं लागतं.

खिळा किंवा तारेचा तुकडा गेला तर गोष्ट याहून वाईट. तो पुढच्या जाळीदार कप्प्यात पडतो, आणि त्या कप्प्याच्या पुढे, पातळ पडद्यापलीकडे, हृदय आहे. कप्पा आकुंचन पावताना खिळा पडदा भेदून हृदयाच्या आवरणात शिरतो. पाठ कमानीसारखी वर, कोपरं बाहेर फेकलेली, उतारावर चालायला नकार, उठताबसता कण्हणं, पुढे गळ्याखाली पाण्याची सूज. सूज आल्यावर वाचवणं जवळपास अशक्य. गोठ्यातल्या गाईला पशुवैद्याकडून पोटातलं चुंबक आधीच देता येतं. ते त्याच कप्प्यात बसून लोखंड धरून ठेवतं. रस्त्यावरच्या गाईला तेवढीही सोय नाही.

गोरक्षणाची आस्था असलेल्यांनी काय करावं? स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं पिशवीत भरून गाठ मारू नये, उघड्या भांड्यात किंवा खड्ड्यात टाकावं. आपल्या गाईच्या कानाला बारा अंकी बिल्ला लावून घ्यावा, म्हणजे ती कुणाची हे लपत नाही, अपघात झाला तर मालकाला कळवता येतं. गळ्यात रात्री चमकणारा पट्टा बांधावा. खर्च किरकोळ आहे. कृत्रिम रेतनाला लिंगनिश्चित रेतमात्रा मागावी, तिने सुमारे दहात नऊ वासरं मादी होतात, म्हणजे रस्त्यावर सोडायला नर फारसे जन्मतच नाहीत. आणि पंचायतीच्या गायरानाची जमीन कुणाला आणि कशासाठी दिली जाते, हे ग्रामसभेत विचारावं. हे शेवटचं काम माळ घालण्यापेक्षा अवघड आहे.

सत्तरीत वाघाला देव मानतात, त्याच्या नावाची स्थळं आहेत. जानेवारी 2020 मध्ये त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीजवळ, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. गुरं मारली गेली की कुटुंबाचं पोट जातं, आणि भरपाई वेळेवर नाही मिळाली तर मेलेल्या गुरावर विष पडतं. पूजेने ही साखळी तुटत नाही, पंचनाम्याने तुटते. जनावर मारलं गेलं तर ते जागचं हलवू नये, ताबडतोब वनखात्याच्या परिक्षेत्र कचेरीत कळवावं, मानेवरच्या दातांच्या खुणा आणि कानातला बिल्ला दिसेल असे फोटो काढावेत, पशुवैद्याचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. अर्जाची पोच मागून घ्यावी.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात, कारण गोव्याने इथे चांगलं काम करून दाखवलंय. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, भैरवाचं वाहन कुत्रं आहे, आणि युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात कुत्र्याला टाकून आत जायला नकार देतो. तरी रेबीजची भीती होती तोवर कुत्र्यावर दगड पडतच होता. 2014 पासून इथे जाळ्यांनी कुत्री पकडून, लस टोचून, रंगाची खूण करून जागीच सोडण्याची मोहीम पद्धतशीर चालली. कुत्र्यांच्या 70 टक्के लसीकरणाने संसर्गाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. दया आणि सुरक्षितता एकाच सुईने साधता येते. खाऊ घालणाऱ्यांनी जागा आणि वेळ ठरवून घ्यावी, जिने, शाळेचं फाटक आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा सोडून. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही साधारण हेच आहे. आणि कुत्रं चावलं तर लसीकरण झालेला भाग म्हणून गाफील राहू नये: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं.

उरलं नुस्तं. सोमवारी शिवराक (शाकाहारी), श्रावणात शिवराक, चतुर्थीला शिवराक, आणि बाकीच्या दिवशी मासळीचा जीव हा जीवच नसल्यासारखं आपण वागतो. माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असतात हे 2003 मध्ये ट्राउट माशावरच्या संशोधनातून दाखवलं गेलं. खेकड्यांबद्दल 2021 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी 300 हून अधिक शोधनिबंध तपासून त्यांना वेदना होतात असा निष्कर्ष काढला, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या कायद्यात खेकडे, शेवंडं (लॉबस्टर), माणकं (स्क्विड) यांचा समावेश झाला. स्वित्झर्लंडने शेवंड जिवंत उकळायला 2018 मध्येच बंदी घातली. आपल्याकडे दोरीने बांधलेल्या कुर्ल्या बाजारातून जिवंत येतात आणि बऱ्याच घरांत जिवंतच उकळत्या पाण्यात जातात.

याला पर्याय सोपा आहे. बादलीत तीन भाग बर्फ आणि एक भाग खारं पाणी घ्यावं. गोडं पाणी घेऊ नये, त्याचा खेकड्याला वेगळाच त्रास होतो. बांधलेली कुर्ली त्यात निदान वीस मिनिटं ठेवावी, मोठी असेल तर त्याहून जास्त. मग तपासावं: कवचावर टिचकी मारली तर डोळे हलायला नकोत, पोटाखालची झडप उचलताना विरोध नको, नांगे सैल पडलेले हवेत. थोडाही विरोध जाणवला तर परत बर्फात. शांत झाली की लगेच उताणी करून झडप उघडायची. तिच्याखाली लहानसा खळगा दिसतो, त्यातून टोकदार सळई सरळ खाली दाबायची. हे मागचं मज्जाकेंद्र. दुसरं पुढे, डोळ्यांमधल्या उथळ खळग्यातून तिरकं. दोन्ही वार दहा सेकंदांत व्हायला हवेत, कारण खेकड्याला आपल्यासारखा एकच मेंदू नाही आणि एकच केंद्र फोडलं तर तो जिवंत राहतो. सवय झाली की एका कुर्लीला दहा सेकंदही लागत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकलेली कुर्ली स्वतःचे पाय टाकून देते आणि सांध्यांतून पाणी आत शिरतं. अशी आधी मारलेली पाय टाकत नाही, आणि रश्शात तिचं मांस घट्ट राहतं. बाजारात घेताना मादीची झडप उचलून बघावी. खाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा पुंजका असेल तर ती घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणारीला सांगावं.